ब्राँक्समधलं डेन्मार्क

'हागेन-डाझ' या आइस्क्रीमचं नाव डॅनिश वाटतं, पण डॅनिश नाही. कुठल्याच भाषेतलं नाही. डॅनिश लिहिताना 'ए' अक्षरावर दोन टिंबं देत नाहीत, आणि त्या नावाच्या शेवटी 'झेड' नि 'एस' जसे खेटून बसलेत तसे तिथे बसत नाहीत. तरी सुरुवातीच्या डब्यांवर स्कँडिनेव्हियाचा नकाशा होता. आइस्क्रीम बनत होतं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, आणि बनवणारा होता पोलंडहून आलेला एक ज्यू गृहस्थ, ज्याचं उभं आयुष्य बर्फ, लिंबं आणि दूध यांत गेलं होतं.

या माणसाचं नाव रूबेन मॅटस. जन्म १९१२ चा. विधवा आईबरोबर १९२१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, तेव्हा पोरच होता. ब्रुकलिनमध्ये नातेवाइकाचा लिंबाच्या बर्फाचा धंदा होता, तिथे लिंबं पिळायला लागला. पुढे मायलेकांनी ब्राँक्समध्ये स्वतःचा धंदा थाटला. घोडागाडीतून माल घालायचा, गल्लीबोळातल्या दुकानांना पुरवायचा. १९३६ मध्ये रोझशी लग्न झालं आणि तीही धंद्यात उतरली. १९५० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी आइस्क्रीम स्वस्त करण्याचा सपाटा लावला, तेव्हा असल्या छोट्या कारखान्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली.

स्वस्त कसं करतात, तर हवा घालून. आइस्क्रीम फेटताना त्यात हवा भरली जाते. ती लागतेच, नाहीतर दगड होईल. पण ती किती भरायची हे कारखानदाराच्या हातात असतं, आणि तयार मालात निम्म्यापर्यंत हवा असू शकते. डबा लिटरचा, माल अर्ध्या लिटरचा, बाकीच्या हवेचे पैसे तुम्ही आनंदाने मोजता. मॅटसने उलटा रस्ता धरला. हवा कमी, दुधातली स्निग्धता जास्त, आणि चवी फक्त तीन: व्हॅनिला, चॉकलेट, कॉफी. डबा हातात घेतला की जड लागायचा. भाव अर्थातच चढा.

इथे अडचण आली. माल चांगला होता, पण ब्राँक्समधल्या मॅटसच्या आइस्क्रीमला चढा भाव देणार कोण? ज्या बायका फ्रेंच चीज आणि स्विस चॉकलेट घ्यायला भारी दुकानांत जात, त्यांनी ब्राँक्सचा पत्ता वाचून डबा परत ठेवला असता. म्हणून १९६० च्या सुमारास मॅटस स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून तासन्‌तास निरर्थक आवाज काढू लागला. हे त्याच्या मुलीनेच पुढे सांगितलं. कानाला उत्तर युरोपातलं वाटेल असं काहीतरी हवं होतं. ते सापडलं. रोझ उंची कपडे घालून दुकानांत नमुने वाटायला जाई, म्हणजे हा थाटही त्या डेन्मार्कचाच भाग म्हणायचा.

पण डेन्मार्कच का? स्वित्झर्लंड का नाही, हॉलंड का नाही? दूधदुभत्यासाठी तेही तितकेच नावाजलेले. कारण मॅटस पुढे सांगत असे ते असं: दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क ज्यूंच्या पाठीशी उभा राहिला. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनांनी धरपकड करायचं ठरवल्यावर डॅनिश लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना कोळ्यांच्या होड्यांतून रातोरात सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनला पोचवलं. पोलंडमध्ये जन्मलेल्या ज्यू माणसाला या गोष्टीचं काय मोल वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. तेव्हा नाव खोटं, पण त्यामागची कृतज्ञता खरी.

मला हा माणूस आवडतो. त्याने आइस्क्रीममध्ये भेसळ केली नाही, उलट हवेची भेसळ काढली. तरीही तो नकाशा काही केल्या पचत नाही. नावाचं एक वेळ समजू शकतो. नाव कुणी काहीही ठेवावं, पोराचं ठेवतो तसं. पण नकाशा काहीतरी सांगतो. नकाशा म्हणतो, 'हे इथून आलंय.' आणि ते तिथून आलेलं नव्हतं.

१९८३ मध्ये मॅटस दांपत्याने कंपनी पिल्सबरीला विकली. १९९२ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याने कमी स्निग्धतेचं नवं आइस्क्रीम बाजारात आणलं आणि त्याच्या डब्यावर सरळ 'मॅटस' लिहिलं. तीस वर्षांनी का होईना, त्याचं नाव डब्यावर आलं. तोवर त्याला डेन्मार्कची गरज उरलेली नव्हती. पैसेवाल्या आणि नावाजलेल्या माणसाला स्वतःचं आडनाव वापरणं परवडतं.

त्याआधी १९८० मध्ये एक खटला झाला. तो वाचताना मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. झालं असं, की 'फ्रूसेन ग्लाद्ये' अशा स्वीडिश वाटणाऱ्या नावाचं एक नवं आइस्क्रीम अमेरिकेतच निघालं. तेही चढ्या भावाचं, त्याच्याही नावात टिंबवाला 'ए', त्याच्याही डब्यावर स्कँडिनेव्हियाचा नकाशा. हागेन-डाझवाले न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेले. त्यांची तक्रार अशी, की या लोकांनी आमची 'स्कँडिनेव्हियन' धाटणी चोरली. काय काय चोरलं याची यादीच दिली: डब्यावर आपण काय काय कृत्रिम घालत नाही याची जंत्री, खाण्याआधी आइस्क्रीम जरा मऊ होऊ द्यावं ही सूचना, जर्मन वळणाचं दोन शब्दांचं नाव, त्यातली टिंबं आणि नकाशा.

म्हणजे ब्राँक्सच्या डेन्मार्कने अमेरिकेतल्या स्वीडनवर दावा लावला, की यांनी आमचं खोटं चोरलं! न्यायाधीशांनी मनाई हुकूम नाकारला. त्यांच्या कारणांत एक इंग्रजी कायद्याचं जुनं तत्त्व होतं: न्याय मागायला येणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ हवेत. आपला देशी माल स्कँडिनेव्हियाचा वाटावा म्हणून तुम्हीच खटाटोप केलात, मग दुसऱ्याने तेच केलं म्हणून कोर्टात कसे येता? गल्लीत दोन तोतया बाबा एकमेकांना तोतया म्हणत भांडावेत, तसला हा प्रकार. फरक एवढाच, की इथे दोघांचाही प्रसाद चांगला होता.

पुढचा अंक आपल्याकडे घडला. २००९ च्या डिसेंबरात हागेन-डाझ दिल्लीत आलं. तिथल्या एका मॉलमध्ये दुकान उघडताना लावलेल्या फलकाचा आशय असा होता, की ही खास झलक आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी आहे, आणि प्रवेश फक्त आंतरराष्ट्रीय पासपोर्ट असणाऱ्यांना. इंटरनेटवर गदारोळ झाला. साहेबांच्या काळातल्या 'कुत्र्यांना आणि भारतीयांना मज्जाव' या पाट्यांची आठवण लोकांनी काढली. कंपनीने खुलासा केला, दिलगिरी व्यक्त केली. परदेशातली चव आता इथेच मिळेल, एवढंच आम्हाला म्हणायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला त्या रागात सगळ्यांत जास्त मौज वाटली ती ही, की ज्या आइस्क्रीमपाशी पासपोर्ट मागितला जात होता, त्याच्या स्वतःच्या पासपोर्टावरच खोटा जन्मगाव होता. ते कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही.

आता आपल्या शेल्फाकडे. माझी एक वाईट खोड आहे, मी दुकानात डबे उलटे करून वाचतो. बायको ट्रॉली घेऊन दोन रांगा पुढे गेलेली असते आणि मी चष्मा कपाळावर चढवून कुठल्यातरी सॉसच्या बाटलीचा 'उत्पादक आणि विपणनकर्ता' शोधत असतो. पुढच्या बाजूला निळा समुद्र, ऑलिव्हची फांदी, तिरक्या अक्षरांत इटालियन वळणाचं नाव. मागे कुठेतरी औद्योगिक वसाहतीतला प्लॉट नंबर. असा प्लॉट नंबर सापडला की मला खजिना सापडल्यासारखं होतं. बायको म्हणते, "घ्यायचीय का ती बाटली, की नुसती तिची जन्मपत्रिका बघायचीय?"

सगळं फसवं असतं असं नाही. 'स्मिथ अँड जोन्स' नावाची आलं-लसूण पेस्ट मुंबईच्या कॅपिटल फूड्सची. 'चिंग्ज सीक्रेट'वालेही तेच, आणि २०२४ पासून ही कंपनी टाटा कन्झ्युमरच्या घरात आहे. पण कुणी स्मिथ आणि कुणी जोन्स विलायतेत बसून आपल्यासाठी लसूण सोलतायत, असं कुठल्या बाईला वाटलं असेल? तिथे नाव हा निव्वळ थाट आहे. 'लंडन डेअरी' हे आइस्क्रीम संयुक्त अरब अमिरातीतल्या कंपनीचं आहे, लंडनचं नाही. इथे मात्र मी जरा थबकतो. शहराचं नाव आणि 'डेअरी' हा शब्द शेजारी आले की ग्राहकाच्या डोळ्यापुढे हिरवी कुरणं येणारच, आणि ती यावीत म्हणूनच तर नाव ठेवलेलं असतं.

याच्या उलट पुण्याची श्रूजबेरी बिस्किटं. श्रूजबेरी हे इंग्लंडातलं, वेल्सच्या सीमेजवळचं गाव, आणि त्या गावच्या नावाने ओळखली जाणारी गोड बिस्किटं तिकडे शतकानुशतकं होतीच. आपल्याकडे ती प्रसिद्ध केली ती कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरच्या इराणी कुटुंबाच्या कयानी बेकरीने, १९५५ पासून. इंग्लंडचं गाव, इराणचे बेकरीवाले, पुण्याची रांग. यात कुणी कुणाला फसवलं? कुणीच नाही. मुंबईहून आलेला पाहुणा परत जाताना श्रूजबेरीचा बॉक्स घेतो, तो 'पुण्याहून काय आणलं'चं उत्तर म्हणून. इंग्लंडचा त्याच्या मनात लवलेशही नसतो. नाव परदेशी असलं तरी पत्ता सगळ्या जगाला पाठ आहे.

मग नारायणगाव. आमच्या लहानपणी पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव म्हणजे तमाशाच्या राहुट्या, विठाबाईंचं गाव, टोमॅटो आणि द्राक्षं. त्याच नारायणगावात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन बनवायला घेतली. कंपनीचं नाव 'शातो इंडाज', म्हणजे फ्रेंच गढी. देशात विकायच्या बाटलीवर नाव 'मार्कीज द पाँपादूर', फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या प्रियतमेचं. बाहेर पाठवायची बाटली 'ओमर खय्याम' नावाने, म्हणजे साहेबाला पूर्वेचा वास हवा तर तोही घ्या. एकाच मातीतली द्राक्षं, एकाच तळघरातली वाइन. मुंबईच्या ग्राहकाला ती फ्रान्सची वाटावी आणि लंडनच्या ग्राहकाला इराणची. जुन्नर तालुक्याची ती कुणालाच वाटू नये याची काळजी तेवढी दोन्हीकडे सारखी घेतलेली. आज हे हास्यास्पद वाटतं, पण त्या काळी 'नारायणगाव' लिहिलेली वाइनची बाटली कुठल्या पंचतारांकित हॉटेलाने टेबलावर ठेवली असती? तमाशाच्या फडाला डोक्यावर घेणारे शेतकरी आणि वाइन पिणारे शहरी, दोघांना जोडणारा शब्दच तेव्हा नव्हता.

पुढे २००० मध्ये नाशिकच्या राजीव सामंतांची पहिली वाइन आली, तिला त्यांनी आईच्या, सुलभाच्या, नावावरून 'सुला' म्हटलं. लेबलवर मिशाळ सूर्य. शातो इंडाजची कंपनी नंतर कर्जात बुडाली, सुला वाढली. या दोन गोष्टींचा नावांशी थेट संबंध जोडण्याचा मोह मला होतो, पण तो खोटा ठरेल. धंदे कर्जाने बुडतात, नावांनी नाही. एवढं मात्र म्हणता येईल, की वीस वर्षांत 'नाशिक' हे लपवायचं नाव राहिलं नाही. आज लोक नाशिकला वाइन प्यायला म्हणून मुद्दाम जातात.

दारूचा विषय निघालाच आहे तर पीटर स्कॉट सोडून कसं चालेल? बंगळुरूच्या खोडेंची ही व्हिस्की, १९६८ पासूनची. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने तक्रार केली, की नावातला 'स्कॉट' आमच्या स्कॉचची आठवण करून देतो, नाव रद्द करा. मद्रास उच्च न्यायालयापर्यंत स्कॉटलंडवाले जिंकत आले. कंपनीच्या बाजूने एका माजी कर्मचाऱ्याचं प्रतिज्ञापत्र होतं. नाव मीच सुचवलं, त्यात माझ्या स्कॉटिश वडिलांचा मान आहे, शिवाय दक्षिण ध्रुवावर गेलेला कॅप्टन स्कॉट आणि त्याचा मुलगा पीटर यांचीही आठवण आहे, असं त्याने सांगितलं. वाचताना डोळे पाणावावेत असं स्पष्टीकरण! शेवटी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोडेंच्या बाजूने निकाल दिला. त्याचा मुख्य आधार होता उशीर: असोसिएशनला हे नाव ठाऊक होतं, आणि तरी ती वर्षानुवर्षं गप्प बसली. शिवाय व्हिस्की विकत घेणारा माणूस सुशिक्षित, जाणता असतो, त्याला स्कॉच कुठली आणि देशी कुठली हे कळतं, असंही न्यायालयाने म्हटलं. आमच्या वाड्यातल्या एका आजोबांना हा निकाल वाचून दाखवायला हवा होता. ते पीटर स्कॉटचा पेग भरून 'आज स्कॉच' अशी घोषणा करत, आणि त्यांना जाणतं म्हणायला कुणीच तयार नसे, आजी तर नाहीच.

युरोपातला कायदा याहून कडक निघाला. जर्मनीत श्वाबिया भागात बेर्गलेन नावाचं गाव आहे, तिथल्या बूखेनबाखच्या खोऱ्यात एक भट्टीवाला व्हिस्की बनवतो. त्याने नाव ठेवलं 'ग्लेन बूखेनबाख'. 'ग्लेन' म्हणजे खोरंच, पण शब्द स्कॉटलंडचा. लेबलवर स्वच्छ लिहिलेलं, की ही श्वाबियन व्हिस्की आहे, जर्मनीत बनलेली, आणि पत्ताही दिलेला. तरी स्कॉचवाले कोर्टात गेले. 'ग्लेन' म्हटल्यावर माणसाच्या मनात थेट स्कॉच व्हिस्कीच येत असेल, तर बाकी लेबलवर कितीही खरं लिहिलं तरी फरक पडत नाही, अशी कसोटी युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिली. पुढच्या वर्षी हँबुर्गच्या कोर्टाने ते नाव बंद केलं.

या निकालाने माझी पंचाईत केली. कारण तोवर माझा हिशोब सोपा होता: नाव काहीही ठेवा, पत्ता लपवू नका. आणि इथे पत्ता न लपवणारा माणूस हरला. मी बराच विचार केला आणि शेवटी त्या जर्मन माणसाच्याच बाजूने राहिलो. त्याच्या बाटलीवरचं जर्मन वाचून कुणी फसला असेल, तर त्याला फसायचंच होतं. कायदा मात्र असल्या माणसाचाही विचार करतो, आणि करायला हवा, कारण लेबल वाचायला सवड नसलेली माणसं जगात जास्त आहेत.

पत्ता दिला म्हणजे दिसला, असंही नाही. बेक्स ही जर्मन बियर, ब्रेमेनची, १८७३ पासूनची. २०१२ पासून अमेरिकेत विकली जाणारी बेक्स तिथेच, सेंट लुइसमध्ये बनू लागली. बाटलीवर 'अमेरिकेत बनलेली' असं लिहिलेलं होतं. कुठे? चंदेरी रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत, आणि तेही सहा बाटल्यांचा खोका फोडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. ग्राहकांनी दावा लावला, २०१५ मध्ये तडजोड झाली. पावत्या असतील तर घरटी जास्तीत जास्त पन्नास डॉलर, नसतील तर बारा डॉलर परत. चंदेरीवर पांढरं! हे ज्याने सुचवलं असेल त्या माणसाचं डोकं मला मनापासून थोर वाटतं. कायद्याने सांगितलेलं सगळं छापायचं, आणि छापल्यावर ते नाहीसं करायचं.

आपल्याकडचा कायदा कागदावर वाईट नाही. आयात केलेल्या खाद्यपदार्थावर देशाचं नाव आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवाच. इथे बनलेल्यावर उत्पादकाचा पत्ता आणि चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. चुकीचं लेबल लावल्यास तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फसवणूक करणारं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवू नये, असंही १९९९ च्या कायद्यात आहे. पण यांतले बहुतेक नियम मागच्या बाजूचे. पुढच्या बाजूचा निळा समुद्र, द्राक्षाची वेल, एखादी युरोपी आजीबाई पोळपाटावर पीठ मळतेय असं चित्र, त्याला नियम लावायचा तरी कसा? चित्रात कुणी काही 'म्हटलेलं' नसतं.

मागची बाजू वाचायला लोक शिकतायत, पण उलटसुलट शिकतायत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दिवाळीला एक संदेश येतो: बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर माल भारतीय, तेवढाच घ्या. हे खोटं आहे. ८९० चा अर्थ एवढाच, की तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिलाय. माल कुठे बनला याचा त्यातून पत्ता लागत नाही. एकदा हे ग्रुपवर लिहून पाहिलं. उत्तरादाखल मला तोच संदेश पुन्हा पाठवण्यात आला, झेंड्यासह.

माझा भाचा व्यायामशाळेत जातो आणि 'ग्रीक योगर्ट' खातो. इवलासा कप, त्यावर निळ्या-पांढऱ्या रंगांची नक्षी. प्रथिनं भरपूर, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. दह्यातलं पाणी काढून टाकलं की उरतं ते घट्ट आणि प्रथिनांनी भरलेलं असणारच. माझी आई पाडव्याच्या आदल्या रात्री पंचात दही बांधून नळाला टांगते तेव्हा सकाळी तेच उरतं, आणि त्याला आम्ही चक्का म्हणतो. ब्रिटनमध्ये यावरून मोठा खटला झाला. न्यूयॉर्क राज्यात बनलेलं, तुर्कस्तानातून आलेल्या माणसाच्या चोबानी कंपनीचं दही तिथे 'ग्रीक योगर्ट' म्हणून विकायला आलं. ग्रीसच्या फाये कंपनीने हरकत घेतली. ब्रिटनमधल्या बऱ्याच ग्राहकांना 'ग्रीक' म्हणजे ग्रीसमध्ये बनलेलं असंच वाटतं, इतरांनी 'ग्रीक पद्धतीचं' म्हणावं, असं तिथल्या कोर्टांनी २०१३ आणि २०१४ मध्ये ठरवलं. आपल्याकडे असली भानगड नाही. इथल्याच म्हशी-गाईंचं दूध, इथलाच कारखाना, तरी ग्रीक ते ग्रीक. आई भाच्याला म्हणाली, "अरे, घरी बांधून ठेवते की." तो म्हणाला, "आजी, चक्क्यात साखर असते." ती म्हणाली, "साखर मी घातली तर असते."

त्याला पटलं, पण कप आणायचं तो थांबला नाही. व्यायामशाळेतून बाहेर पडताना चक्का खाणारा मुलगा आणि ग्रीक योगर्ट खाणारा मुलगा, आरशात एकच दिसत असले तरी एकमेकांना एक वाटत नाहीत. मॅटसच्या आइस्क्रीमचं नेमकं हेच झालं होतं, आणि म्हणून मी या सगळ्यात दोष एकट्या विक्रेत्याच्या माथी मारू शकत नाही. लेबल तो छापतो खरा, पण त्यावर काय छापावं हे त्याला आपल्याकडे बघून कळतं.

आपल्या गावाचं नाव दुसऱ्याने वापरलं की मात्र आपलं रक्त उसळतं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढ्या जिल्ह्यांतल्याच आंब्याला हापूस म्हणायचं. तरी एप्रिलमध्ये कर्नाटकातला आंबा 'देवगड हापूस' लिहिलेल्या पेट्यांतून बाजारात उतरतोच. दिसायला तसाच, भावात थोडा हलका, आणि सालीखाली कोकणाचा वारा नसलेला. काही बागायतदार आता फळांवर क्यूआर कोडची स्टिकरं लावतात, की मोबाइल धरा आणि बाग बघा. ग्राहकही हुशार झालेत. माझे काका पेटी उघडली की आधी आंबा बघत नाहीत, आंब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद बघतात. कागद कन्नड निघाला की झालं.

यंदा मार्केट यार्डात मी त्यांच्याबरोबर होतो. पेटीवर ठसठशीत 'देवगड'. काकांनी पेंढा बाजूला सारला, कागद ओढून काढला, आणि तो कन्नडच निघाला. काकांनी व्यापाऱ्याला असं काही फैलावर घेतलं, की आजूबाजूचे हमालही थांबून ऐकू लागले. भौगोलिक मानांकन, ग्राहक मंच, कोकणातल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय, काही म्हणून सोडलं नाही. व्यापारी शांतपणे ऐकून घेत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "काका, भाव तर देवगडचा लावलेला नाही ना? बघा, घ्यायची तर घ्या." भाव खरोखरच बराच कमी होता. काकांनी एक आंबा हुंगला. मग दुसरा हुंगला. मग दोन पेट्या घेतल्या.

रविवारी त्यांच्याकडे आमरसाला गेलो होतो. व्याह्यांकडची मंडळीही आली होती. रस फर्मास झाला होता. व्याही म्हणाले, "वा, आंबा कुठला?" काका वाटी पुढे करत म्हणाले, "देवगड! पेटीवर लिहिलंय ना!" आणि माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मीही काही बोललो नाही, दुसरी वाटी मागितली.